अजून कळलं नाय

जुन्नर, ८ डिसेंबर

भैया,

सगळे तुला सुखसाता विचारतात. मी विचारणार नाय. तू सुखातच असशील, तुझ्याकडं मोबाईल नाय.

तो माझ्याकडं हाय. पप्पांनी गल्ल्याच्या ड्रॉवरमधी टाकलेला, मी काढून चार्जिंगला लावलाय. कारण पेमेंटचं खातं तुझ्या नावावर, ओटीपी तुझ्या सिमवर, आणि तू महाराजसाहेबांच्या मागं अनवाणी कळंबच्या रस्त्यावर. दीक्षा घ्यायची तर घे. मी नको म्हणलं नाय. मला कुणी विचारलंच नाय. पण साधू व्हायच्या आधी दुकानाचं काम नीट करून जायला काय झालं व्हतं?

काल काय झालं ते सांगते. थंडी पडली तशा घोंगड्यांच्या ऑर्डरी वाढल्या. सकाळपासनं नेट येत-जात व्हतं. साताऱ्याच्या एका बाईनं आपल्या साईटवरनं एक घोंगडी घेतली. तिच्या बँकेतनं पैसे गेले, पण तो निरोप आपल्यापर्यंत आलाच नाय. आपल्या पानावर आलं, "पेमेंट झालं नाही." तिनं परत बटण दाबलं. परत गेले. मग अजून एकदा. एका घोंगडीचे तीनदा पैसे आणि आपल्याकडं ऑर्डर एक पण नाय.

तिनं दुकानात फोन लावला. पप्पांनी उचलला. ती म्हणाली, "तीन पिढ्यांचं दुकान म्हणून फोटो लावता, आणि हे धंदे करता व्हय?"

पप्पा एकाच ताग्याची घडी मोडायचे, परत घालायचे. मोडायचे, परत घालायचे. पैसे बँकेनं दोन दिवसांनी परत देतो म्हणून सांगितलं, पण तो शब्द काय परत गेला नाय.

संध्याकाळी काकांचा पारस आला. गाडीची चावी बोटावर फिरवत. "काका, संयमचं हे घरगुती काम बंद करा. पुण्यात माझ्या वळखीची एजन्सी हाय. तयार सिस्टीम देतात. खातं माझ्या नावावर करून घेऊ, मी बघतो सगळं."

पप्पा म्हणाले, "संयमची सही लागेल."

"मग दीक्षेच्या आधीच घ्या. नंतर संयम नावाचा माणूसच राहणार नाय."

मी कपाटामागं पार्सलं बांधत व्हते. मी म्हणलं, "मी बघते."

पारस म्हणाला, "काका, दुकानात मांजर शिरलंय का?"

मग मी बाहेर आले आणि परत म्हणलं, मी बघते. माझा आवाज तुला माहीतच हाय. वर्गात उभं केलं की घशात बोळा बसायचा, म्हणून तर नववीतनं घरी आले. पण कोड लिहिताना बोलावं लागत नाय, हे तूच सांगितलंस. काउंटरवर शेजारी बसवून तूच शिकवलंस.

पप्पा म्हणाले, "अक्षय तृतीयेपर्यंत बघ. तवर कुणाचे दोनदा पैसे गेले नाहीत तर राहू दे. गेले तर पारस."

तर ऐक. मार्चमधी मी अठराची व्हणार हाय. मम्मीकडं खात्याचा कागद पाठवतेय, त्यावर सही कर आणि खातं माझ्या नावावर दे. पारसच्या नाय. एवढंच मागते. बाकी तुझं सगळं वाटून टाक.

डिंपल


जुन्नर, ३० डिसेंबर

भैया,

चिठ्ठी मम्मीनं तुझ्या हातात दिली, तू वाचलीस, घडी करून ठेवलीस, एवढं मम्मीनं सांगितलं. उत्तर नाय. मम्मीनं महाराजसाहेबांना विचारलं म्हणे, बहिणीला दोन ओळी लिहिल्या तर चालंल का. ते म्हणाले, दीक्षेपर्यंत चालेल. म्हणजे मनाई नाय. तूच लिहीत नाय.

बरं.

मी तुझा कोड सगळा वाचला. तुझी चूक सापडली. गिऱ्हाईक जेवढ्या वेळा बटण दाबतं तेवढ्या वेळा तू नवा नंबर पाडतोस. बाई एक, घोंगडी एक, पण यंत्राला दिसतात तीन बाया. मी काय केलं, फोन नंबर, माल आणि तारीख हे जोडून एकच खूण तयार केली. तीच खूण परत आली की यंत्र म्हणतं, ही बाई मघाशीच आलेली, आता पैसे घ्यायचे नाय.

पण तुझी खरी चूक वेगळीच हाय. तुझ्याकडं उत्तरं दोनच. पेमेंट झालं, नायतर झालं नाय. वाटेत निरोप अडकला की तू सरळ लिहितोस "झालं नाही" आणि मोकळा होतोस. कशावरनं झालं नाय? उत्तर आलं नाय म्हणजे नकार आला, हे कुणी सांगितलं तुला?

मी तिसरं उत्तर घातलंय. "पैसे निघाले असतील, आमच्याकडे पोचले का ते अजून कळलं नाही. परत बटण दाबू नका. आम्ही विचारतोय." आणि मग यंत्र पेमेंटवाल्या कंपनीला विचारत बसतं, ह्या खुणेचं काय झालं, ह्या खुणेचं काय झालं. हो किंवा नाय आल्याशिवाय जागचं हलत नाय.

पप्पांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अजून कळलं नाही? दुकानदार असं बोलतो का कधी?"

"खरं तेच लिहिलंय."

"खरं असेल. पण गिऱ्हाईकापुढं मालक गोंधळलेला दिसला की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. तुझ्या आजोबांनी गल्ल्यावर बसून एकदा सुद्धा 'माहीत नाही' म्हटलं नाही."

"मग ते खोटं बोलायचे."

भैया, हे मी बोलले. पप्पांना. मोठ्यानं. स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झाला.

पप्पा म्हणाले, "शाळेत एवढं तोंड उघडलं असतंस तर आज दहावी पास असतीस."

लागलं मला. तुला लागावं म्हणून पण लिहिते, कारण तू असतास तर मधी पडला असतास. पण ती ओळ मी काढली नाय. दुसऱ्या दिवशी पप्पा म्हणाले, निदान "कृपया" तरी घाल. तेवढं घातलं.

सहीचं काय?

डिंपल


जुन्नर, १८ जानेवारी

भैया,

संक्रांतीला तुला लिहिणार व्हते की बघ, महिना झाला, एकाचे पण दोनदा गेले नाय. बढाई मारायला बसलेच व्हते आणि फोन आला.

नगरचे एक मास्तर. त्यांनी सकाळी वडलांसाठी घोंगडी घेतली. संध्याकाळी बायको म्हणाली, माझ्या बाबांना पण पाठवा, म्हणून तीच घोंगडी सासरच्या पत्त्यावर परत घेतली. माझ्या यंत्रानं काय केलं? फोन तोच, माल तोच, तारीख तीच. खूण जुळली. यंत्र म्हणालं, तुमची ऑर्डर आधीच झालीय, पैसे घ्यायचे नाय. मास्तरला वाटलं दोन्ही झाल्या. वडलांना मिळाली. सासऱ्यांकडं काय नाय.

पारस दुकानातच बसलेला. त्यानं मुद्दाम फोन स्पीकरवर टाकला आणि माझ्यापुढं धरला. "घे. तुझं गिऱ्हाईक."

मास्तर ओरडत व्हते, "माझा सासरा चार माणसांत म्हणाला, जावई बापाला ऊब देतो आणि आम्हाला कुडकुडत ठेवतो! आता मी त्या घरात पाऊल कसं टाकू?"

गल्लीतली दोन माणसं पण थांबली ऐकायला. माझ्या घशात बोळा आला. तोच, शाळेतला. मी फोनकडं बघत राहिले. मास्तर म्हणाले, "हॅलो? मेलं का कुणी?"

मी म्हणलं, "जिवंत हाय. चूक माझ्या यंत्राची हाय. तुमच्या सासऱ्यांची घोंगडी आज निघंल आणि सोबत दुकानाच्या नावानं चिठ्ठी जाईल की जावयानं वेळेत मागितली व्हती, उशीर आमी केला."

मास्तर म्हणाले, "चिठ्ठीत जरा ठळक अक्षरात लिहा."

पारस लई हसला. मास्तरला नाय, मला. "सिस्टीम दोनदा पैसे घेत व्हती, आता एकदा पण घेईना. वा गं इंजिनियर. डिंपे, आधी दहावीचा फॉर्म भर, मग सिस्टीम कर."

मी त्याला म्हणलं, "तू बारावी पास हाईस ना? मग ही चूक कुठं हाय ते दाखव." तो म्हणाला, ते एजन्सीचं काम.

पण मला पण दिसंना. खरं सांगते. एकच गिऱ्हाईक दोनदा बटण दाबतंय, का एकच गिऱ्हाईक दोन घोंगड्या घेतंय? यंत्राला दोन्ही सारखंच दिसतं. तू इथं असतास तर विचारलं असतं. तू नाहीस. म्हणून तुझ्यावाचून शोधणार हाय.

डिंपल


लोणी, ९ फेब्रुवारी

भैया,

हे लोणीतनं लिहितेय, गजराबाईच्या ओट्यावर बसून. तीच, आपल्याला लोकर आणि सूत देती ती. माल आला नाय म्हणून पप्पांनी पारसला जायला सांगितलं, त्याला गाडी धुवायची व्हती, म्हणून मी एसटीनं आले. एकटी. कंडक्टरला "लोणी" म्हणायला मंचरपर्यंत तोंड उघडलं नाय, पण शेवटी उघडलं.

इथं काय चाललंय ऐक. त्यांच्या मेंढ्यांना जंताचं औषध पाजायचं व्हतं. गजराबाईचा नातू गोरक्ष एकेक मेंढी पकडतो, पाठीवर रंगाचा पट्टा ओढतो, मग तोंडात औषध सोडतो. पट्टा कशाला, तर मेंढी कळपात परत घुसली की कळावं, हिला पाजलंय. दोनदा पाजलं तर मेंढी मरायची. आधी पट्टा, मग औषध. उलटं केलं आणि हातातनं निसटली तर पाजलेली मेंढी बिनखुणेची फिरती. मी मनात म्हणलं, हे तर माझं यंत्रच हाय.

आणि तेवढ्यात गजराबाई ओरडली.

"आरं गोऱ्या! पिवळा पट्टा कशापायी वढतुयास?"

"हळद घरात व्हती, आज्जे. रंग इकत कशाला आणायचा?"

"आरं येड्या, परवा देवाच्या जत्रंला आख्ख्या कळपावर भंडारा उधळला की! निम्मी मेंढरं आधीच पिवळी हायती! आता पाजल्याली कुठली आन् देवाची कुठली?"

गोरक्ष उभाच राहिला. हातात औषधाची बाटली आणि समोर सगळ्या पिवळ्या पाठी. म्हणाला, "जी लई पिवळी ती पाजल्याली."

"तुझ्या तोंडाला लावू का पिवळं? मग तुला बी पाजलंय म्हणून सोडून देतील!"

मी एवढी हसले की गजराबाई म्हणाली, "ही पोरगी मुकी हाय असं ऐकलं व्हतं."

मग दोघं मिळून एकेका मेंढीचं तोंड उघडून औषधाचा वास घ्यायला लागले. वास आला तर सोडायची. नाय आला तर निळीचा नवा पट्टा, मग औषध. मी पण बसले वास घ्यायला. मेंढीच्या तोंडाला कसला वास येतो ते तुला सांगत नाय, तू उपासाला असशील.

पण मला तिथंच कळलं. मास्तरच्या सासऱ्याची घोंगडी माझ्याकडं अशीच पिवळी झाली व्हती. फोन नंबर, माल, तारीख हे सगळं आधीच अंगावर असलेलं. जत्रेचा भंडारा. त्याची खूण कशी व्हईल? खूण अशी पाहिजे जी ह्या फेरीच्या आधी कुणाच्याच पाठीवर नव्हती. गिऱ्हाईकानं माल निवडून पैसे द्यायचं पान उघडलं, की त्याच क्षणी एक नवीकोरी खूण द्यायची. मग त्यानं त्या पानावर बटण एकदा दाबू दे नायतर दहादा, खूण तीच. आणि संध्याकाळी तो सासऱ्यासाठी परत आला तर पान नवं, खूण नवी. एवढंच. तुझा दर दाबण्याला नवा पट्टा, माझा सगळ्यांना जुनाच पट्टा. दोघं पण गोऱ्याच.

आणि शंका आली तर परत पाजायचं नाय, आधी वास घ्यायचा. तेवढं मी बरोबर केलं व्हतं. पप्पांना सांगणार हाय.

गजराबाईनं तुझं विचारलं. "थोरला साधू व्हणार व्हय? लोकरीचं दुकान सोडून?" मी म्हणलं, हो, सगळं सोडून. पण हातात जो ओघा, जमीन झाडायचा गोंडा, येणार तो लोकरीचाच, आणि अंगावरची कांबळी पण लोकरीचीच. ती हसून हसून खोकायला लागली. "मग सुटलं काय त्याचं?"

तूच सांग काय सुटलं.

डिंपल


जुन्नर, १४ एप्रिल

भैया,

तू सही केलीस. मम्मीनं कागद आणला. पप्पांना न देता आधी मला दिला, देवघरात, पदराखालनं.

खाली तुझी सही. तीच, शेवटी शेपटी असलेली. आणि वर, जिथं लिहायचं की खातं कुणाच्या नावावर करायचं, तिथं काय नाय. कोरं.

मी मम्मीला विचारलं, काय म्हणाला? मम्मी म्हणाली, "म्हणाला, मी आता हे ह्याचं, ते त्याचं, असं करत नाही. ज्याला घ्यायचं त्याला घेऊ दे."

वा रे वा. एवढ्या चिठ्ठ्या लिहिल्या. नावानिशी मागितलं. तुला माहीत हाय कोरी जागा म्हणजे काय. पप्पांच्या हातात कोरी जागा गेली की तिथं पारस बसणार. तू नाय म्हणाला असतास तर भांडता आलं असतं. हो म्हणाला असतास तर पाया पडले असते. तू काहीच म्हणाला नाहीस आणि त्याला त्याग म्हणतोस.

इकडं काय झालं ते पण ऐक. लोणीवरनं आल्यापासनं, सगळी लग्नसराई चाललीय, एकाचे पण दोनदा गेले नाय, एकाची पण ऑर्डर गिळली नाय. मधी एकदा पेमेंटवाल्या कंपनीचंच सगळं बंद पडलं. मोठ्या मोठ्या दुकानांवर लोक शिव्या देत व्हते. आपल्या पानावर आलं, अजून कळलं नाही, कृपया परत दाबू नका. लोकांनी दाबलं नाय. संध्याकाळपर्यंत यंत्रानं विचारून विचारून सगळ्यांचं लावून टाकलं. साताऱ्याच्या त्या बाईनं परत घोंगडी घेतली. शिव्या द्यायला नाय, घ्यायला.

पप्पांना म्हणलं, आता? तुमचा शब्द?

पप्पा ताग्याकडं बघून म्हणाले, "काम चांगलं केलंस. मी नाही म्हणत नाही. पण मुलीच्या नावावर खातं केलं, तर उद्या लग्न झाल्यावर दुकानाचं खातं सासरी जाईल. पारस घरातला आहे."

म्हणजे दोनदा पैसे गेले तर पारस. नाय गेले तरी पारस.

मी रडले नाय. तुला वाटंल रडले असेल. मी मम्मीसमोर जाऊन बसले आणि म्हणलं, "तुझं पॅन कार्ड कुठंय?"

मम्मी म्हणाली, "कशाला?"

"तुझ्या नावावर दुकान काढायचंय."

"माझ्या नावावर?" तिला हसू आलं. "माझ्या नावाचे नुसते डबे हायेत गं घरात. रुखवतातले. सुमती कोरलेले."

"मग डब्यासारखंच कोरू."

ती लई वेळ गव्हातले खडे निवडत बसली. मला वाटलं विसरली. मग उठली आणि साड्यांच्या घडीतनं पॅन कार्ड काढून आणलं. म्हणाली, "पप्पांना मी सांगेन. तू नको सांगू, तू भांडतेस."

भैया, मी तुझा कोड घेतला नाय. एक ओळ पण नाय. सगळं पहिल्यापासनं लिहितेय. गजराबाईला फोन केला, सूत उधारीवर दे. ती म्हणाली, "मुकीला उधार देते, तुझ्या बापाला नसतं दिलं."

आणि तुझ्या त्या कोऱ्या जागेचं सांगते. त्यावर मी माझं नाव लिहू शकत व्हते. मम्मीनं कागद त्यासाठीच पदराखालनं आणला व्हता, मला कळलं. मी पेन घेतलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, पारस. आणि पप्पांच्या हातात नेऊन दिला.

मला कुणाच्या कोऱ्या जागेतनं काय मिळालेलं नको.

डिंपल


जुन्नर, ११ मे

आता तुला महाराजसाहेब म्हणायचं आणि आपण म्हणायचं. नवं नाव पण मिळालंय. मम्मीनं मला तीनदा म्हणून दाखवलं. सुंदर हाय. ही चिठ्ठी मी भैयालाच लिहितेय. तुमी वाचून दाखवा त्याला, कुठं असंल तर.

मी दीक्षेला आले नाय. सगळी गल्ली गेली, दोन बस भरून. मी म्हणलं, यंत्राजवळ कुणीतरी पाहिजे. पप्पांनी जाताना दुकानाची किल्ली गल्ल्यावर न ठेवता माझ्या हातात दिली.

मम्मीच्या नावाचं दुकान अक्षय तृतीयेला चालू झालं. पप्पांना मम्मीनंच सांगितलं. पारसची एजन्सी पण चालू झालीय. वाईट चालत नाय, खोटं कशाला सांगू. त्यात उत्तरं दोनच हायेत, पण पान लई गुळगुळीत हाय.

दीक्षेवरनं आल्यावर दुसऱ्या दिवशी पप्पा माझ्या टेबलापुढं येऊन उभे राहिले. गिऱ्हाईक उभं राहतं तसे.

"सुमती घोंगडी भांडारवर दुसऱ्याचा माल लावता का?"

मी वर बघितलं नाय. "लावतो. माल बघून."

"आमचा माल तीन पिढ्यांचा आहे."

"ते फोटोत असतं. विणलेलं दाखवा."

पप्पांनी घोंगडी टेबलावर टाकली. मी कड ओढून बघितली, सूत बघितलं, जसं ते बघतात तसं. चांगली व्हती.

"कमिशन काय घेता?"

मी सांगितलं.

"लुटता काय!" पप्पा म्हणाले. "घरातल्या माणसाला सुद्धा?"

"घरातल्याचा भाव पारसकडं हाय. इथं सगळ्यांना एकच."

पप्पा निम्म्यावर आले. मी नाय म्हणलं. पाऊणवर आले. मी नाय म्हणलं. ते दारापर्यंत गेले, मोठे व्यापारी जातात तसे, आणि मला माहीत व्हतं वळणार, कारण मी त्यांचीच मुलगी हाय. वळले. "बरं. पण दोन दारं असलेली बरी म्हणून देतोय."

"सही करा," मी म्हणलं. "आणि वरची जागा कोरी ठेवू नका."

त्यांनी चष्मा लावून नावं लिहिली. आधी "सुमतीबाई, मालक." मग खाली "डिंपल, पेमेंट." त्यांचा हात जरा थांबला व्हता, पण मी बघितलं नाय असं दाखवलं.

आता शेवटचं.

आमच्या नव्या यंत्रावरची पहिली ऑर्डर माझी हाय. माझ्या पगारातली. मम्मी पगार देते मला, हसू नको. गजराबाईनं पांढऱ्या मेंढ्यांची लोकर निवडून दिली, तिची कांबळी विणून घेतली आणि दीक्षेच्या आधी तुझ्या नावानं, तुझ्या जुन्या नावानं, साधू उतरतात त्या उपाश्रयाच्या पत्त्यावर पाठवली. पैसे झाले. पार्सल निघालं. पण पार्सल पोचलं हे यंत्राला कळायला घेणाऱ्यानं मोबाईलवरचा नंबर सांगावा लागतो. तुझा मोबाईल माझ्या ड्रॉवरमधी. नंबर त्याच्यावरच आला. मी टाकला असता तर एका मिनिटात "पोचलं" झालं असतं. टाकला नाय. घेणाऱ्यानं सांगायचं असतं.

मम्मीला विचारलं, माझी कांबळी पांघरली का त्यानं? मम्मी म्हणाली, "कसं सांगू गं. चढाव्यात बोली लावून कुणीकुणी दिलेल्या, ढीग व्हता. सगळ्या पांढऱ्याच."

सगळ्यांना खूण करत बसले आणि तुझ्या कांबळीला खूण करायची राहिली. राहिली नाय. करता येत नव्हती. पांढरीच पाहिजे व्हती ना.

काल पारस आलेला, आमचं पान उघडून बघत व्हता. चोरून शिकतो आता. म्हणाला, "डिंपे, ही पहिलीच ऑर्डर लटकलीय बघ. अजून कळलं नाही, अजून कळलं नाही, रोज तेच. आमच्या सिस्टीममधी पंधरा दिवसांनी असलं आपोआप रद्द होतं. काढून टाक, पान घाण दिसतं."

मी यंत्र बाकी सगळ्यांसाठी तसंच बांधलंय. ठराविक दिवस विचारायचं, मग माणसानं फोन करायचा, मग काय ते लावून टाकायचं. कुणाचं लटकत ठेवायचं नाय. तुला पण फोन लावला असता, पण तो वाजला तर माझ्याच ड्रॉवरमधी वाजेल.

म्हणून त्या एका खुणेपुढं एक ओळ लिहिली. ही रद्द करायची नाय आणि परत पाठवायची पण नाय. विचारायचं पण नाय. असू दे.

पारस म्हणाला, "ही कसली सिस्टीम?"

मी म्हणलं, "माझी."

डिंपल